पाटी की वही? चाळीसगावातून सुरू झालेली टॅबलेटची गोष्ट

कोणी एसटीत खिडकीपाशी बसून ऐकत असेल, कोणी लोकलमध्ये लटकून, तर कोणी डेटा संपत आला म्हणून ऐकण्याऐवजी हे वाचत असेल. नेहमीसारखाच हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' काढून टाकलेत, बाकी जवळपास बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग एका फोनमुळे झाला. जूनमध्ये चाळीसगावहून मावशीचा फोन आला. मावशी घाईत असली की थेट अहिराणीवर येते. "त्या टॅबलेटले कितला पैसा लागतीन रे भाऊ?"

प्रकरण असं होतं. माझी मावसबहीण बी.एस्सी.ला लागली, विषय वनस्पतिशास्त्र. मावशी शिवणकाम करते. तिला त्या महिन्यात भिशी लागली होती, २५ हजारांची. त्यातून पोरीला काहीतरी घ्यायचं होतं, आणि जे घेऊ ते तीन वर्षं टिकायला हवं होतं. बहिणीने मला तीन स्क्रीनशॉट पाठवले. एकाच कंपनीचा टॅबलेट, तीन प्रकार. पहिला स्वस्त, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, नुसतं वायफाय. दुसरा ८ जीबी आणि १२८ जीबी, सिम कार्डाची सोय, सोबत पेन. तिसरा मोठ्या स्क्रीनचा, कीबोर्डवालं कव्हर, आणि खाली मोठ्या अक्षरात जाहिरात की आता लॅपटॉप कशाला?

खाली बहिणीचा मेसेज: "दादा, यातला कोणता? लॅपटॉपचं काम होईल ना?"

मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. "टॅबलेट घेऊच नकोस."

का दिलं, ते सांगतो. मग तेच उत्तर कसं चुकलं, तेही सांगतो.

२०१५ची एक रात्र

२०१५ला मी बी.टेक.ला लागलो. आमच्याकडे त्या वर्षी कापसाचे पैसे आले होते, पण नव्या लॅपटॉपएवढे नव्हते. दुकानात एक वस्तू दिसली. दहा इंची विंडोज टॅबलेट, खाली चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड. जोडला की लॅपटॉप, काढला की टॅबलेट, आणि किंमत लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी. कंपनीचं नाव घेत नाही. मीच नाचत होतो, म्हणून वडिलांनी घेऊन दिला.

रॅम २ जीबी. जागा ३२ जीबी, पण त्यातली निम्मी तर विंडोजनेच खाल्ली होती. कोड लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं, थोड्या फाइली झाल्या, आणि जागा संपली. दुसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री त्याने आपणहून अपडेट सुरू केलं. जागा नव्हती, म्हणून अर्ध्यात अडकलं. परत चालूच होईना. प्रोजेक्ट त्यातच होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. रूममेटच्या लॅपटॉपवर पहाटे साडेचारपर्यंत सगळा कोड आठवून आठवून पुन्हा लिहिला.

सकाळी वडिलांचा फोन आला. "मशीन बरं चाललंय ना?"

मी म्हटलं, "एकदम मस्त."

ते खोटं मला आजही टोचतं. त्यामुळे कुणी 'टॅबलेट लॅपटॉपचं काम करेल का' असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. पण या वेळी बहीण गप्प बसली नाही. तिने विचारलं, "का नको ते सांग ना." आणि नीट सांगता येईना. इंजिनिअर माणूस, बग सापडल्याशिवाय झोप येत नाही. मूळ शोधायला मागे मागे गेलो, आणि गंमत म्हणजे पोचलो चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर.

पाटणादेवीचा दगड

पाटणादेवी आपल्यापैकी बऱ्याच जणांना सहलीची जागा म्हणून माहीत आहे. गौताळा अभयारण्याचं जंगल, देवीचं देऊळ, पावसाळ्यात धबधबे. इथला एक शिलालेख १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. त्यात काय आहे? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. त्या मठाला इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७मध्ये दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, आणि शेवटी मठाच्या खर्चासाठी कशातून किती वाटा द्यायचा, ते जुन्या मराठीत.

आता हे भास्कराचार्य, जन्म १११४. त्यांची 'लीलावती' आपण सगळ्यांनी निदान नावाने ऐकलेली असते. या प्रकारच्या गणिताला जुना शब्द आहे पाटीगणित. पाटी म्हणजे फळी. फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. या कामाला धूलिकर्म म्हणत. आपण अजून 'धुळाक्षरं गिरवली' म्हणतो, ते याच घराण्यातलं.

म्हणजे भास्कराचार्यांचं गणित एका अर्थाने टॅबलेटवरच चालायचं. स्क्रीन एकच, बोटाने लिहा, बोटाने पुसा.

सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे कान टवकारावेत. धुळीच्या पाटीवर जागा कमी, म्हणून गणिताची रीतही तशीच घडली. गुणाकार करताना गुणक एक-एक घर सरकवत न्यायचा, आणि ज्या अंकाचं काम संपलं तो पुसून त्याच घरात नवा अंक मांडायचा. शेवटी पाटीवर उरतं फक्त उत्तर. मेमरी वाचते, वेग मिळतो. पण मधे कुठे चुकलं, ते शोधायला मागे काहीच उरत नाही. 'अनडू' नाही.

दमास्कसचा तक्रारदार

हे गणित भारतातून अरबांकडे गेलं, आणि सोबत धुळीची पाटीही गेली. भास्कराचार्यांच्याही दीडेकशे वर्षं आधी, इसवी सन ९५२च्या सुमारास, दमास्कस शहरात अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने पाटीविषयी चक्क तक्रार केली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लिहिलेलं पुसावं लागतं, त्यामुळे केलेलं काम तपासता येत नाही. हात धुळीने माखतात. आणि रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक हेच साधन वापरतात, त्यामुळे शहाण्या माणसाने ते घेऊन बसणं बरं दिसत नाही!

मग त्याने केलं काय? भारतीय रीती घेतल्या आणि त्या शाई-कागदावर चालतील अशा बदलल्या. पुसायचं नाही. प्रत्येक पायरी खाली लिहीत जायची. आज आपण शाळेत गुणाकार करतो, हातचा वर लिहितो, ओळी एकाखाली एक मांडतो, ती सगळी या कागदी वळणाची मंडळी.

मला माझा बग इथे सापडला. टॅबलेट आणि लॅपटॉप यांचं भांडण मी नेहमी रॅम, प्रोसेसर, कीबोर्ड यांच्यात शोधत होतो. खरा फरक जुनाच आहे. पाटीवर काम होतं, पण राहत नाही. वहीत काम राहतं, तपासता येतं, दुसऱ्याला देता येतं. २०१५ला मी पाटी विकत घेतली होती आणि तिला वही समजून बसलो होतो.

पण म्हणून पाटी वाईट का? मुळीच नाही. अल-बिरुनीने १०३०च्या सुमारास भारताबद्दल लिहिताना नोंदवलंय की इथल्या शाळांत पोरांना काळ्या पाट्या देतात आणि ती पोरं पाटीच्या लांब बाजूने, डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या रंगाने लिहितात. लांब बाजूने! म्हणजे पाटी आडवी धरून. आज टॅबलेटला कीबोर्ड लावला की आपण त्याला जसा आडवा करतो, तसाच. शिकायला पाटीसारखं साधन नाही, कारण चुकायची भीती नसते.

पाटीची वही करायचा प्रयत्न

आता एकदम पुढे, १९७२. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात ॲलन के नावाचा तरुण शास्त्रज्ञ एक लेख लिहितो. त्याची कल्पना अशी: वहीएवढा संगणक, वजन चार पौंडांच्या आत, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास, आणि तो पोरांच्या हातात द्यायचा. नाव डायनाबुक. लक्षात घ्या, त्याच्या नमुन्यात स्क्रीनखाली कीबोर्ड होता. आणि पोरांनी त्यावर नुसतं वाचायचं नव्हतं, स्वतः प्रोग्रॅमही लिहायचे होते. म्हणजे आधुनिक टॅबलेटचं पहिलं स्वप्नच 'पाटी आणि वही एकात' हे होतं. तेव्हा ते यंत्र बनवणं शक्य नव्हतं. नमुना पुठ्ठ्याचा होता.

२००१मध्ये बिल गेट्स यांनी जाहीर केलं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी टॅबलेटच्या रूपातला असेल. २००२च्या नोव्हेंबरात विंडोजचे टॅबलेट पीसी बाजारात आले. पाच वर्षं गेली, भाकीत खरं झालं नाही. जड, महाग, आणि आतलं विंडोज माऊससाठी बनलेलं.

मग २७ जानेवारी २०१०ला ॲपलने आयपॅड दाखवला. स्टीव्ह जॉब्स यांनी त्याची जागा फोन आणि लॅपटॉप यांच्या मधे सांगितली. आता एक मजा. सुरुवातीचा आयपॅड खोक्यातून काढल्यावर सुरू करायला संगणकाला जोडावा लागायचा! ती अट २०११च्या ऑक्टोबरमध्ये गेली. फाइली बघायचं स्वतंत्र ॲप २०१७ला आलं, माऊस-ट्रॅकपॅडची नीट सोय २०२०ला. पाटीची हळूहळू वही होत होती, त्याला दहा वर्षं लागली.

पण आवृत्ती निवडताना लोक कसे फसतात, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं आहे. २६ ऑक्टोबर २०१२ला सरफेस आरटी आला. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३मध्ये, सरफेस प्रो. दोघांना मागे स्टँड, पुढे चिकटणारा कीबोर्ड, दोघांवर विंडोज. दिसायला सख्खे भाऊ. पण आरटीमध्ये फोनसारखा प्रोसेसर होता, त्यामुळे त्यावर आपली नेहमीची, जुनी विंडोज सॉफ्टवेअरं चालतच नव्हती. ऑफिस आधीच टाकलेलं होतं, बाकी दुकानातून मिळेल तेवढंच. आणि ३२ जीबीच्या आवृत्तीत वापरायला मिळायची जवळपास निम्मीच जागा. प्रो महाग होता, जड होता, पण खरा पीसी होता. जुलै २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने आरटीपायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवला. एवढी मोठी कंपनी फसली, तिथे माझं काय!

आकाश आणि पवई

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट जाहीर केला. सरकारला पडणारी किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. जगातला सगळ्यात स्वस्त टॅबलेट म्हणून गाजावाजा. मी तेव्हा शाळेत होतो. सरांनी वर्गात पेपर वाचून दाखवला आणि आम्ही चाळीस पोरं दप्तर फेकायला तयार होतो.

आत काय होतं? सात इंची स्क्रीन, तीही जोरात दाबावी लागणारी. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. ओरड झाली. मग काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं, प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली. सुधारलेला आकाश २ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ला आला. १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी, बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारी स्क्रीन, आणि किंमत जवळपास तीच.

मला यात आवडतो तो पवईचा भाग. तिथल्या लोकांनी आकाशवर सी, पायथॉन, सायलॅब असं प्रोग्रॅमिंग करता येईल अशी सोय केली. त्यावर लिनक्ससुद्धा चालवून दाखवलं. दोन-अडीच हजारांच्या पाटीची वही करायचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पण पुरवठ्याला उशीर झाला, दर्जाच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत योजना विरून गेली. आमच्या शाळेत आकाश कधी पोचलाच नाही.

आज महाराष्ट्रात महाज्योती संस्था जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि इंटरनेट डेटा देते. इथे काम ठरलेलं आहे: धडे बघा, प्रश्न सोडवा. ठरलेल्या कामाला पाटी पुरते. आणि डेटाही सोबत दिला, हे महत्त्वाचं. इथे मला पुन्हा १२०७चा दगड आठवतो. चांगदेवाने नुसते ग्रंथ ठेवले नाहीत. मठ काढला, आणि त्याच्या रोजच्या खर्चाची सोय दगडावर कोरली गेली. वस्तू एकदाच घेतली जाते, चालवावी रोज लागते.

बहिणीची यादी

एवढा अभ्यास करून मी जुलैत घरी गेलो. रविवारी बहीण, तिचा धाकटा भाऊ आणि मी पाटणादेवीला गेलो. पाऊस भुरभुरत होता. वाटेत मी उक्लिदिसीपासून आकाशपर्यंत सगळं ऐकवलं. शेवटी ऐटीत म्हणालो, "म्हणून सांगतो, जुना लॅपटॉप घे."

तिने पिशवीतून वहीचं पान काढलं. "दादा, तू मशीनचा इतिहास सांगितलास. मला करायचं काय आहे, ते तू विचारलंच नाहीस."

पानावर यादी होती. आठवडाभर एका मैत्रिणीचा टॅबलेट वापरून तिने ती केली होती. पुस्तकांच्या पीडीएफ वाचणं. मुळाचे, खोडाचे, पानाचे छेद पाहून आकृत्या काढणं, नावं देणं. शेतात जाऊन झाडांचे फोटो काढून त्यावरच नोंदी. मराठीत अहवाल टाइप करणं. साधे तक्ते. ऑनलाइन तास. धाकट्याचा अभ्यास. आणि खाली लाल पेनने: "लाइट जाते तेव्हा किती तास चालेल?" कोड लिहिणं, जड सॉफ्टवेअर चालवणं, यातलं काहीच नव्हतं. संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, ते कॉलेजच्या लॅबमध्येच व्हायचं.

मी दोनदा वाचलं. यातलं जवळपास सगळं टॅबलेटवर होत होतं. आकृत्या तर लॅपटॉपपेक्षा चांगल्या, कारण पेन. मी २०१५चं माझं दुःख तिच्या २५ हजारांवर लादत होतो.

मग आम्ही तिथेच, चहाच्या टपरीवर, तीन स्क्रीनशॉट पुन्हा काढले. पहिला बाद, कारण ६४ जीबीतून सिस्टीमची जागा वजा केली की तीन वर्षांचे फोटो मावत नाहीत, आणि ४ जीबी रॅम तीन वर्षांनी रडवेल. तिसरा चांगला, पण कीबोर्डवालं कव्हर धरून बजेटच्या बाहेर. राहिला दुसरा. पेन सोबत, सिममुळे वायफायची अडचण नाही, आणि साधा ब्लूटूथ कीबोर्ड वेगळा घेतला तरी भिशीत बसतो. कंपनी किती वर्षं अपडेट देणार, तेही बघून घेतलं.

मी एकच अट घातली. "दर रविवारी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवायचं. ती छोटी पिन मिळते जोडायला. आणि फाइली अशा ठेवायच्या की दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडतील."

"म्हणजे पाटीवरचं वहीत," ती म्हणाली.

"हो. तेवढं केलंस की लॅपटॉप नसला तरी चालेल."

तर मंडळी, तुम्हीही याच पेचात असाल तर आधी एक पान घ्या. पुढच्या तीन वर्षांत करायची कामं लिहा, आणि प्रत्येक काम त्या मशीनवर खरंच होतं का, ते कुणाचं तरी उसनं घेऊन बघा. खोक्यावरच्या जागेच्या आकड्यावर जाऊ नका, वापरायला किती मिळते ते विचारा. पेन, कीबोर्ड, कव्हर, डेटा धरून पूर्ण किंमत काढा. तुमच्या यादीत कोडिंग, कॅड, अकाउंटिंगचं विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर असेल, तर जाहिरातीत काहीही म्हणू दे, खरा पीसीच घ्या, जुना चालेल.

परवा बहिणीने एक फोटो पाठवला. टॅबलेटवर काढलेली मक्याच्या खोडाच्या छेदाची आकृती, सुबक नावांसकट. खाली लिहिलं होतं: "पेन ड्राइव्हवर टाकली."

त्याच संध्याकाळी मी वडिलांना फोन केला आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं मले. तुझा आवाजच सांगत होता."

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, हे वाचून झालं की तुमचे फोटो आणि नोट्स कुठेतरी उतरवून ठेवा. आजच.